बोटीवर नसलेली माणसं

“लाइन!”

म्हाताऱ्यानं हात वर केला आणि डोळे मिटून तो तसाच उभा राहिला. तालमीतली ही अमेरिकन रीत. वाक्य आठवलं नाही की नटानं नुसतं ‘लाइन’ म्हणायचं, आणि खाली संहिता घेऊन बसलेल्या माणसानं ते वाचून दाखवायचं. संहिता डोरीनपुढे होती. पण डोरीन त्या वेळी फोनवर कुणाशी तरी सेटच्या फळ्यांवरून कडाकडा भांडत होती.

मी स्टेजच्या कडेला फतकल मारून त्याच्याच कोटाला अस्तर लावत बसले होते. दातांत टाचण्या धरलेल्या. तरी माझ्या तोंडून वाक्य निसटलंच.

“घर विकायचं असेल, तर आधी ते तळं विक, मुला.”

त्यानं डोळे उघडले नाहीत. वाक्य जसंच्या तसं उचललं आणि पुढचं आख्खं पान न अडखळता म्हणून टाकलं. मग खाली माझ्याकडे बघत म्हणाला, “हे कुणी दिलं? तू?”

मी टाचण्या हातात काढून घेतल्या. “सॉरी, मिस्टर प्रुइट.”

“सॉरी काय! तुझ्याकडे संहिता आहे?”

“नाही. रोज ऐकते ना.”

डोरीननं फोन खाली ठेवला आणि आम्हा दोघांकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्यानं पुन्हा टाचण्या दातांत धरल्या.

ही गोष्ट आम्ही अमेरिकेत नवे होतो तेव्हाची. आमचे हे टायरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते आणि आम्ही एरी तळ्याच्या काठी एका गावात राहत होतो. तळं म्हणायचं आपलं, पलीकडचा काठ दिसत नाही. बोटी बुडतात त्यात. गावात एक जुनं थिएटर होतं आणि तिथे मी कपडेपट सांभाळायची. शिवणकाम यायचं, इंग्रजी कामापुरतं यायचं, आणि घरात एकटी बसले तर वेड लागेल हे मला पक्कं कळलेलं होतं.

त्या जानेवारीत आमचे बाबा गेले. भावाचं पत्र हाती पडलं तेव्हा इकडे बर्फाचे ढीग लागले होते, आणि तिकडे तेरवीसुद्धा उरकून गेली होती. जायचं कुठे आणि कशाला? ह्यांनी सुट्टी काढून मला गाडीतून तळ्यापर्यंत फिरवून आणलं. मी रडले नाही. येतच नव्हतं रडू, काय करता! त्या गावात बाबांचं नाव माहीत असलेलं माणूस आमच्या घराबाहेर एकही नव्हतं. कुणाजवळ रडायचं?

आणि वसंतात हार्लन प्रुइट आला.

तुम्ही त्याला पाहिलेलं आहे, मी पैजेवर सांगते. जुन्या अमेरिकन सिनेमांत शेवटी गोळी खाणारा शेरीफ, नाहीतर खोलीतून बाहेर येऊन मान हलवणारा डॉक्टर, तो हाच. तोंड सगळ्या जगाला ओळखीचं, नाव कुणाला आठवायचं नाही. एकदा मी आणि तो दुकानात गुंड्या आणायला गेलो, तर गल्ल्यावरची बाई म्हणाली, “अरे, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय! तुम्ही माझ्या नणंदेच्या चर्चमध्ये येता ना?” म्हातारा गोड हसून म्हणाला, “हो, दर रविवारी.”

तो जन्मला ह्याच गावात. बाप धक्क्यावर बोटींतून लोखंडाची माती उपसायचा. पोरवयात ह्यानं ह्याच थिएटरचं स्टेज झाडलं, मग न्यूयॉर्कला पळाला, तिथे नाटकांत नाव होऊ लागलं न लागलं तोच सिनेमावाल्यांनी उचलून नेलं. “तिथे पैसा आहे, आणि तिथे वाक्याचे तुकडे करतात,” मी कोटाचं माप घेताना तो सांगत होता. “चुकलं की पुन्हा घ्या, पुन्हा चुकलं की पुन्हा घ्या. मी तीस वर्षं तुकड्यांवर जगलोय, चंद्रा. मरायच्या आधी मला एकदा पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत सलग जायचंय. आणि ते इथे, ह्या गावात. बाहेरच्या पाटीवर नाव आहे ना माझं? ते राहिलं पाहिजे.”

नाटक होतं एका म्हाताऱ्या कप्तानाचं. बोट बुडाली, हा एकटा वाचला. बुडालेल्या खलाशांची नावं त्यानं जन्मात पुन्हा उच्चारली नाहीत. शेवटी मुलगा घर विकायला निघतो तेव्हा फायरप्लेससमोर उभा राहून तो ती नावं घेतो, एकेक करून, आणि पडदा पडतो. ऐकायला सोपं वाटतं. पण नट म्हणतात, पानभर भाषण परवडलं, नावं नकोत. भाषणात एक वाक्य दुसऱ्याला हाताला धरून आणतं. नावांना असं नातंगोतं नसतं.

आणि म्हाताऱ्याला नेमकं तेच जमेना. आधी नावंच जायची, मग मधली वाक्यंही जायला लागली.

उद्घाटनाच्या आधी प्रेक्षक बोलावून एक कच्चा प्रयोग केला. त्यात दुसऱ्या अंकात तो जो थांबला, तो थांबलाच. मुलाचं काम करणाऱ्यानं कशीबशी वेळ मारून नेली. पण पडदा पडल्यावर डोरीन मेकअपच्या खोलीत आली. मी तिथे त्याचे बूट सोडत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

डोरीन स्टेज मॅनेजर. अमेरिकन थिएटरात पडदा उघडला की दिग्दर्शकाचं राज्य संपतं आणि हिचं सुरू होतं. बाई वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पण तिकीट काढलेल्या माणसाला फसवायचं नाही, ह्या बाबतीत कडक.

“हार्लन, तुझ्याबद्दल मला काय वाटतं तुला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण रविवारी दुपारी अख्खं गाव येणार आहे. पुन्हा असं झालं तर त्यापुढच्या प्रयोगाला पॉल उभा राहील.”

पॉल म्हणजे बदली नट. त्याचं पाठांतर चोख होतं आणि चेहरा बिचारा रोज अपराध केल्यासारखा.

“चिठ्ठ्या छापल्या?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“तिकीटखिडकीत ठेवल्यात.”

ही त्यांची आणखी एक रीत. बदली नट उभा राहणार असला की कार्यक्रमपत्रिकेत एक छोटी चिठ्ठी घालतात, ‘आज ही भूमिका अमुकऐवजी अमुक करतील’. एवढीशी चिठ्ठी, पण मोठमोठ्या नटांचं तोंडचं पाणी पळवते.

“माझ्यासाठी विंगेत कुणी बसवलं तर?” म्हाताऱ्यानं हळूच विचारलं. “वाक्य द्यायला?”

“तालमीत हवं तेवढं. प्रयोगात नाही. प्रेक्षकांपुढे एक तर तुला नाटक येतं, नाहीतर येत नाही.” तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गेली.

म्हातारा आरशात बघत बसला. मी दुसरा बूट सोडायला घेतला, तर म्हणाला, “चंद्रा, त्या दिवशी तू वाक्य दिलंस ते मला ऐकू आलं नाही. कळलं. हे कुठे शिकलीस?”

आता ह्याला काय सांगू? वडशाजवळचं आमचं गाव सांगू, मंडईच्या जत्रेतली नाटकं सांगू, की बाबा सांगू?

सांगितलं सगळंच. आमच्या झाडीपट्टीत भात निघाला की गावोगाव नाटकं होतात. तालमी नावापुरत्या, माणसं हजारोंनी. स्टेजच्या पुढच्या कडेला एक खड्डा खणतात, त्यात प्रॉम्प्टर बसतो, आणि नाटक सुरू होऊन संपेपर्यंत प्रत्येक वाक्य नटाच्या आधी तो टाकत जातो. आमचे बाबा तसे प्रॉम्प्टर. मी लहानपणी त्या खड्ड्यात त्यांच्या मांडीला टेकून बसायची. वाक्य कानात नाही टाकायचं, नटाचा श्वास संपता संपता टाकायचं, म्हणजे त्याला ते स्वतःचंच वाटतं, हे बाबांनी मला तिथेच शिकवलं.

“आणि लोकांना ऐकू येत नाही?”

“येतं की! कुणाला काही वाटत नाही. भोंग्यावरून हिरोचं नाव सांगतात, पेटीवाल्याचंसुद्धा सांगतात. पण पडदा ओढणारा डोमा शेंडे, गॅसबत्त्या सांभाळणारा बकाराम गहाणे आणि खड्ड्यातले आमचे बाबा, ह्यांची नावं कधीच नाही. बाबा म्हणायचे, प्रॉम्प्टरचं नाव लोकांच्या कानावर गेलं, तर समज काम बिघडलं.”

म्हातारा बराच वेळ हसला. मग गंभीर झाला. “सेटवर ती फायरप्लेस आहे ना,” तो म्हणाला, “तिला मागून झडप आहे. आत माणूस मावेल.”

अरे बाप्पा! डोरीनला कळलं असतं तर मलाही घरचा रस्ता होता. पण मी आरशातल्या त्या तोंडाकडे पाहिलं आणि नाही म्हणायला जीभच उचलेना.

दोन दिवस आम्ही कपड्यांच्या खोलीत दार लावून तालीम केली. इस्त्रीचं टेबल म्हणजे फायरप्लेस. मी टेबलाखाली, तो टेबलापुढे. सगळं छान चालायचं, आणि नावांपाशी आलं की आमचं वाजायचं. नावं घेण्याआधी तो थांबायचा. तो थांबला रे थांबला की मी पहिलं नाव टाकायची, “एबल क्रॉस!”

“गप्प!” म्हातारा कडाडला. “ही शांतता माझी आहे!”

“आमच्याकडे शांतता झाली म्हणजे प्रॉम्प्टर झोपला असं समजतात!”

“हा माणूस चाळीस वर्षं बोललेला नाही. मग तो लगेच बोलेल? लोकांना वाट बघू दे.”

“आणि तुम्ही खरंच विसरला असलात तर? मला कसं कळायचं?”

मग त्यानं कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलली, निखारे उकरायची, नाटकातलीच. “मी वाकून आग उकरायला लागलो तर दे. सळई हातात नसेल तर मी जगबुडी होईपर्यंत थांबलो तरी तोंड उघडायचं नाही. वचन?”

“वचन,” मी म्हटलं. पण माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं.

रविवारी दुपारी गाव लोटलं. खुर्च्या भरल्या, मागे माणसं उभी. म्हाताऱ्याच्या शाळेतले काठ्या टेकत आलेले सोबती, धक्क्यावरची माणसं, सगळे. पहिले दोन अंक तो सुटला. सुटला म्हणजे काय, एका जागी मुलाचं वाक्य ह्यानंच म्हणून टाकलं, पण निभावलं. पॉल विंगेत कप्तानाच्या कपड्यांत उभा होता. ते कपडेसुद्धा मीच शिवलेले, त्यामुळे मला त्याच्याकडे बघवेना.

तिसरा अंक सगळा फायरप्लेसपुढेच, म्हणून मध्यंतरात मी झडप उघडून आत शिरले.

आत काळोख, रंगाचा वास, आणि जाळीपुढे पुठ्ठ्याची लाकडं. त्यांच्याखाली लाल दिवा आणि एक छोटा पंखा, त्यावर फडफडणाऱ्या चमकीच्या पट्ट्या. लांबून हुबेहूब आग. जवळून नुसती भट्टी. गुडघे हनुवटीला लावून मी बसले आणि माझ्या लक्षात आलं, की मी संहिता आणली नव्हती. आणून तरी काय, वाचायला उजेड कुठे होता? बाबासुद्धा संहिता नुसती मांडीवर ठेवायचे. सगळं पाठ असायचं.

पडदा उघडला. मागून कुजबूज आली, “चंद्रा कुठेय? पॉलच्या कोटाची गुंडी तुटलीय.” डोरीन! मी श्वास रोखून बसले. मागे पावलं इकडून तिकडे गेली, झडपेपाशी थांबली, पुढे गेली.

अंकात त्यानं एकदा सळई उचलली. मी वाक्य टाकलं. त्यानं घेतलं. लोकांना काही कळलं नाही, मुलालासुद्धा कळलं नाही. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

मग मुलगा म्हणाला, “बाबा, एकदा तरी सांगा. कोण होते ते?”

आणि म्हातारा थांबला.

जाळीतून मला फक्त त्याचे बूट दिसत होते, मी दुमडून दिलेली विजार आणि शेजारी भिंतीला टेकलेली सळई. हात तिकडे जात नव्हता. म्हणजे शांतता त्याची. बरं. कुणीतरी खोकलं, तेही थांबलं. मी ओठांवर हात दाबून धरला. वचन दिलंय चंद्रे, वचन दिलंय. पण केवढी ही शांतता! आमच्या गावी एवढ्या वेळात लोकांनी स्टेजवर चपला फेकल्या असत्या.

सळई हलली.

तो वाकला. त्याचं तोंड जाळीच्या पलीकडे, माझ्या तोंडासमोर आलं, लाल उजेडात. मी त्या माणसाला रोज जवळून पाहायची, कॉलर लावताना, गुंड्या लावताना. पण हे डोळे मी पाहिले नव्हते. त्यात काही नव्हतं. तो कप्तान नव्हता, हार्लन प्रुइटही नव्हता. रस्ता चुकलेलं लेकरू असतं ना बाजारात, तसा तो माझ्याकडे बघत होता.

मी तोंड उघडलं. आणि माझ्याही तोंडात काही नव्हतं.

एक नाव आठवेना! रोज ऐकलेली, इस्त्री करताना गुणगुणलेली नावं, साफ पुसून गेली. ती माझी नव्हतीच ना कुणी, तीन महिन्यांपूर्वीपर्यंत त्यातलं एकही नाव मी ऐकलेलं नव्हतं. तो सळईनं आग उकरत होता. एकदा. पुन्हा. चमकीच्या पट्ट्या सळईत गुंतल्या. विंगेत डोरीन हलली, ते मला पावलांवरून कळलं.

आणि त्या काळोखात बाबा म्हणाले, अगदी माझ्या मानेमागून म्हणाले म्हणा ना, “काही बी फेक चंद्रे, पण फेक. चूप बसू नोको.”

मी फेकलं.

“सोमाजी नाकाडे.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. नाव त्याच्या ओळखीचं नव्हतं. पण माझ्या आवाजावर त्याचा भरवसा होता. तो सावकाश उभा राहिला, सळई भिंतीला टेकवली, आणि गावाकडे तोंड करून म्हणाला,

“सोमाजी… नाकाडे.”

अमेरिकन जिभेनं, ‘ड’ला चावून, पण स्पष्ट. शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल असं. मला वाटलं माझ्या अंगावर कुणी गार पाणी ओतलं. पण तो पुढच्या नावासाठी थांबला होता आणि एकदा सुरू झाल्यावर प्रॉम्प्टरला थांबता येत नाही.

“डोमा शेंडे,” मी फेकलं.

“डोमा शेंडे.”

“बकाराम गहाणे.”

“बकाराम गहाणे,” तो म्हणाला, आणि मग माझी वाट न बघता, “एबल क्रॉस. टॉम व्हिटेकर. छोटा ओली.” त्याची स्वतःची नावं परत आली होती. आमची तिघं पुढे गेली तशी मागून ती एकेक करत आली. शेवटचं नाव झालं आणि पडदा पडला.

टाळ्या किती वेळ चालल्या मला सांगता येणार नाही. मी झडपेतून उलटी रांगत बाहेर पडले तेव्हा माझे पाय बधिर झाले होते.

कपड्यांच्या खोलीत म्हातारा खुर्चीत बसला होता, कोटासकट. मी सांगायला तोंड उघडतेय तोवर दारात डोरीन. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या स्वेटरला त्या आगीची चमकी लागलेली होती, लग्नाच्या वऱ्हाडासारखी.

“त्या बोटीवर ती तीन माणसं कधी चढली?” तिनं विचारलं.

मी चमकी झटकायला लागले.

“बाहेर एक बाई रडत रडत मला सांगून गेली, की तिच्या आजोबांच्या बोटीवरसुद्धा असे लांबच्या देशातले खलाशी असायचे आणि त्यांची नावं कुणी कुठे लिहिली नाहीत. आता मी तिला काय सांगू?” डोरीननं डोकं हलवलं. “चंद्रा, मी तुला नोकरीवरून काढत नाही. कारण मला दुसरी अशी शिवणारी मिळायची नाही. पण ती झडप आज खिळे मारून बंद होईल.”

“आणि मी?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“तू आज शेवटपर्यंत गेलास. कसा का होईना, गेलास. पुढच्या प्रयोगालाही तूच. पण एकटा, हार्लन. अडकलास तर मी पडदा पाडीन आणि पॉल येईल. चिठ्ठ्या खिडकीतच आहेत.”

ती गेली. मी त्याचा कोट उतरवायला घेतला. म्हटलं, आता हा माझ्यावर ओरडणार.

“माझी वाक्यं विसरलीस ना?” तो म्हणाला.

“हो.”

“छान. म्हणजे मी एकटा नाही.” मग जरा थांबून, “कोण होते ते?”

“डोमाकाका आणि बकारामकाका, पडदा आणि दिवे. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“आणि पहिला?”

“माझे बाबा.” मी कोट दांडीला अडकवला. “जानेवारीत गेले. मला जाता आलं नाही.”

म्हातारा आरशाकडून माझ्याकडे वळला. “म्हणजे मी आज एका प्रॉम्प्टरचं नाव लोकांना ऐकवलं,” तो म्हणाला. “माझं तोंड ठाऊक असून नाव कुणाला माहीत नाही, म्हणून मी जन्मभर कुरकुरतोय. तुझ्या बापाचं तर तोंडही कुणी पाहिलं नाही.” त्यानं हात पुढे केला. “पुन्हा म्हण. हळू. मला ते नीट म्हणायचंय.”

मी म्हटलं. त्यानं माझ्यामागून म्हटलं. ‘ड’ काही शेवटपर्यंत जमला नाही.

बुधवारी दुपारचा प्रयोग. फायरप्लेसला मागून फळी ठोकलेली. पॉल कप्तानाच्या कपड्यांत विंगेत. डोरीनचा हात पडदेवाल्याला खूण करायच्या दिव्याच्या बटणावर. आणि मी कपड्यांच्या दांडीपाशी, हातात सुईदोरा, शिवायला मात्र काही नव्हतं. दोन अंक तो ठेचकाळत गेला. तिसऱ्यात तर मला वाटलं, पडला आता. तरी तो उठून चालत राहिला.

“बाबा, एकदा तरी सांगा. कोण होते ते?”

म्हातारा थांबला. आत कुणी नाही, हे त्याला माहीत होतं. थांबला, आणि थांबून राहिला. पॉलनं टोपी घातली. डोरीनचं बोट बटणावर टेकलं, मी पाहिलं. देवा, बोल की रे बाबा, काहीतरी बोल!

म्हाताऱ्यानं सळई उचलली. रिकाम्या फायरप्लेसपुढे वाकला आणि कान जाळीजवळ नेला. तसाच राहिला, कुणीतरी आतून सांगतंय आणि हा ऐकून घेतोय, असा. मग उभा राहिला. सळई जागेवर टेकवली.

“सोमाजी नाकाडे,” तो म्हणाला.

आणि त्याच्यामागून बाकीचे आले. उलटेसुलटे आले, छोटा ओली पहिल्यांदा आला, टॉम व्हिटेकर दोनदा आला, एबल क्रॉस त्या दिवशी आलाच नाही. डोरीननं बटणावरचं बोट काढलं. पुढे प्रयोग होते तोवर रोज असंच झालं. त्याची नावं गळायची, पुढेमागे व्हायची, पण पहिलं नाव त्यानं एकदाही चुकवलं नाही. पाटीवर शेवटपर्यंत हार्लन प्रुइटच राहिला. पुढच्या हिवाळ्यात तो गेला तेव्हा वर्तमानपत्रात त्याचा फोटो होता, आणि खाली नावही होतं.

पण मला आठवतो तो बुधवार. पडदा खाली येत होता, लोक उभे राहत होते, आणि मी त्या कपड्यांच्या दांडीला धरून उभी होते. “बिघडलं बाबा,” मी म्हटलं, “बिघडलं बघा तुमचं काम.” आणि जानेवारीपासून अडलेलं रडू तिथे, त्या कोटांमध्ये तोंड खुपसून, मी मोठ्यानं रडून घेतलं.